अंगावर काढलेले दुखणे

'दुखणे अंगावर काढले' हे वाक्य चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यांत नेहमी ऐकू येते. रुग्ण उशिरा आला, आजार हाताबाहेर गेला, की हे शब्द येतात आणि दोष अलगद रुग्णाच्या माथी जातो. आदिवासी माणूस सोशिक असतो, बाया सांगत नाहीत, गावकरी आधी पुजाऱ्याकडे जातात, अशी कारणेही जोडीला तयार असतात. या वाक्यामागचा समज मला चुकीचा वाटतो. या दोन जिल्ह्यांतली माणसे दुखणे अंगावर काढतात, कारण ते सांगून काही होत नाही हे त्यांना पुरते कळून चुकले आहे. तीन दिवसांच्या गोळ्या, एक सुई आणि 'आराम करा' एवढेच हाती येणार असेल, तर त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून कोण जाईल? गडचिरोलीच्या वैद्यकीय इतिहासात तर दोष रुग्णाचा या समजाच्या नेमके उलटे पाहायला मिळते. इथल्या लोकांची तक्रार जेव्हा जेव्हा कोणी नीट तपासली, तेव्हा ती खरी ठरली, आणि एकदा तर प्रत्यक्ष आजार तक्रारीपेक्षा खूप मोठा निघाला. म्हणून दुखणे खरे आहे हे सिद्ध करण्याचे ओझे रुग्णाच्या डोक्यावरून उतरवले पाहिजे. ते खोटे आहे असे ज्याला वाटते, त्याने आधी तपासून दाखवावे.

हे दुखणे कुठून येते ते पाहू. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, वडसा हा सगळा धानाचा पट्टा आहे. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात कंबरेतून वाकून उभ्या असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोह वेचायचा, मे महिन्यात तेंदूपाने तोडायची, घरी आणून त्यांचे पुडे बांधायचे, वर्षभर सरपण आणि पाणी डोक्यावरून वाहायचे. बल्लारपूर-राजुऱ्याच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. कंबर, पाठ, मान, गुडघे यांवर इतका भार वर्षानुवर्षे पडला की दुखणे बाहेरून आलेल्या आजारासारखे राहत नाही, ते रोजच्या जगण्यात मुरते. वैद्यकशास्त्र तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला जुनाट वेदना म्हणते. आपली आरोग्ययंत्रणा मात्र ज्याला सुरुवात आणि शेवट आहे अशा घटनांसाठी उभी राहिलेली आहे: हिवताप, बाळंतपण, सर्पदंश, लसीकरण. त्यांची नोंदवही असते, उद्दिष्ट असते, महिन्याचा अहवाल असतो. पाच वर्षे ठणकणाऱ्या कंबरेला नोंदवहीत रकाना नाही. आणि ज्याला रकाना नाही त्याची दखल घेणे कोणाच्याच कामाचा भाग ठरत नाही. रुग्ण पुन्हा आला की नव्याने तीच चिठ्ठी लिहिली जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याच्याविषयी शंका येऊ लागते: 'याला काही झालेले नाही, उगाच येतो.'

तपासल्यावर तक्रार खरी ठरल्याचे पहिले उदाहरण गडचिरोलीतलेच आहे आणि ते जगभरात गाजलेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' संस्था सुरू केली. त्यानंतर दोन गावांतल्या 650 स्त्रियांची स्त्रीरोगांच्या दृष्टीने तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात आणि कंबरेत दुखणे अशा तक्रारी सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे 55 टक्के होत्या. तपासणीत मात्र 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक आजार आढळले. दर स्त्रीमागे सरासरी तीनहून अधिक आजार होते. आणि याआधी अशी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया होत्या केवळ आठ टक्के. त्या काळी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढीच सरकारी समजूत होती. बाकीच्या तक्रारींना 'अशक्तपणा' हे नाव देऊन लोहाच्या गोळ्या हातावर ठेवल्या जात. या आकड्यांकडे पुन्हा पाहा. स्त्रिया वाढवून सांगतात, या आरोपाच्या बरोबर विरुद्ध चित्र इथे आहे. जेवढा आजार होता त्याहून कमी त्या सांगत होत्या. न सांगणाऱ्या 45 टक्क्यांमधल्याही बहुसंख्य आजारीच होत्या. तक्रार अतिशयोक्त असते असे गृहीत धरून चालणारा डॉक्टर या दोन गावांत जवळपास प्रत्येक वेळी चुकला असता.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये एका अमिनो आम्लाची अदलाबदल होते आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी गोल आकार सोडून विळ्यासारख्या वाकतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या हाडाला वा अवयवाला रक्त मिळत नाही, आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती दहा-वीस दिवसांत फुटते. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम यांपैकी काहीही वेदनेचा झटका आणू शकते. लहान मुलांचे हातपाय सुजतात, मोठ्यांची कंबर, मांड्या, पाठ, छाती ठणकते, आणि काहींच्या खुब्याचे हाड रक्ताअभावी हळूहळू मरते. या आजाराचे पहिले शास्त्रीय वर्णन 1910 मध्ये अमेरिकेत झाले, तर 1958 मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातली त्याची नोंद 'लॅन्सेट'मधूनच जगापुढे आणली. गडचिरोली-चंद्रपूरच्या माडिया, गोंड, परधान समाजांत आणि पूर्व विदर्भातल्या काही अनुसूचित जातींतही हा दोष मोठ्या प्रमाणात आहे. म्हणजे या भागातल्या डॉक्टरसमोर 'हाडे दुखतात' असे सांगणारे मूल बसते, तेव्हा ते शाळा चुकवत आहे हा विचार मनात येण्याआधी सिकलसेल आठवायला हवा. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. त्यासाठीची प्राथमिक रक्तचाचणी स्वस्त आहे आणि थोड्या वेळात होते.

पण चाचणी झाली, आजाराचे नाव कळले, म्हणून वेदना मानली गेली असे होत नाही. म्हणूनच हे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्त्रियांच्या तक्रारीबाबत निदान 'तपासलेच नव्हते' असे तरी म्हणता येते. सिकलसेलमध्ये तपासणीचा कागद रुग्णाच्या हातात असतो आणि तरीही झटका आला की त्याला वाट पाहावी लागते, कारण झटक्याची वेदना बाहेरून दिसत नाही. जखम नसते, हाड मोडलेले नसते, क्ष-किरणचित्र बहुधा साफ असते. नेहमीच्या वेदनेत वाढलेला तरुण कण्हतही नाही, तो भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहतो. शांत पडला आहे म्हणजे फार दुखत नसावे, असे पाहणाऱ्याला वाटते. ही चूक फक्त जंगलातल्या दवाखान्यांची नाही. ब्रिटनच्या संसदेतील सिकलसेलविषयक सर्वपक्षीय गटाने नोव्हेंबर 2021 मध्ये एक अहवाल दिला. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'कोणी ऐकतच नाही'. त्यामागे 2019 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात झालेला एका तरुण रुग्णाचा मृत्यू होता. रुग्णालयाच्या खाटेवर असतानाही त्याने प्राणवायूसाठी आपत्कालीन सेवेला फोन केला होता. श्रीमंत देशात, मोठ्या रुग्णालयात, निदान झालेल्या रुग्णाचे कोणी ऐकत नसेल, तर भामरागड वा एटापल्लीच्या रुग्णाला किती झगडावे लागत असेल याची कल्पना करावी. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की असा रुग्ण आल्यावर अर्ध्या तासात वेदनाशामक मिळाले पाहिजे. अमेरिकेतल्या रक्तरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ही मर्यादा एक तासाची ठेवली आहे. नंतर पुन्हा पुन्हा वेदना विचारून औषध वाढवायचे असते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. घड्याळ, सलाइन, औषध आणि रुग्ण खरे बोलतो आहे हे मानणारा माणूस, एवढ्यात काम होते.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. 2047 पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या राहू नये हे त्याचे ध्येय आहे आणि त्यासाठी 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरवण्यात आली. हे काम मोठे आहे आणि त्याचे स्वागतच करायला हवे. महाराष्ट्राने तर त्याच्या कितीतरी आधी गडचिरोलीसह काही जिल्ह्यांत असा कार्यक्रम हाती घेतला होता. पण किती जणांचे रक्त तपासले आणि किती कार्डे वाटली, हे मोजणे सोपे असते, म्हणून यंत्रणेचा सारा भर तिथेच जातो. ज्यांचा निकाल 'रुग्ण' असा आला, त्यांना वर्षभरात किती झटके आले, किती वेळात औषध मिळाले, किती दिवस शाळा वा मजुरी बुडाली, हे विचारणारा रकाना कुठे आहे? हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्यास झटके कमी होतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी मात्रेतही ते मुलांना उपयोगी पडते हे दाखवून दिले. भारतातला सिकलसेल सौम्य असतो हा समज मध्य भारताला लागू पडत नाही, हेही नागपूरच्याच अभ्यासातून पुढे आले. हे औषध खंड न पडता उपकेंद्रापर्यंत पोहोचते की नाही, हा अभियानाच्या यशाचा खरा मापदंड असायला हवा. कार्ड हातात आहे, गोळी संपलेली आहे आणि झटका आल्यावर 'वर घेऊन जा' असे सांगितले जाते, अशा अवस्थेत तपासणीचा आकडा कितीही वाढला तरी रुग्णाच्या पदरात काही पडत नाही.

आता सर्वांत अवघड भागाकडे यावे लागेल. काही दुखण्यांमागे तपासूनही काही सापडत नाही. रक्त ठीक, क्ष-किरणचित्र ठीक, तरी कंबर दुखते. 'सर्च'ने गडचिरोलीच्या गावांत घरोघरी जाऊन पाठ, कंबर आणि सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली आहे. प्रौढांमध्ये हे दुखणे फार मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यामुळे रोजची कामे अडतात, हे तिच्यातून समोर आले. मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी त्यासाठी गडचिरोलीत येऊन रुग्ण तपासू लागले. त्यांतल्या काहींना शस्त्रक्रिया लागते. पण जगभराचा अनुभव असा की कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांत बोट ठेवून दाखवता येईल असे एकच कारण सापडत नाही. इथे डॉक्टरचा धीर सुटतो. सापडले नाही म्हणजे नाही, अशी उडी मारली जाते. शास्त्राने ही उडी केव्हाच चुकीची ठरवली आहे. दीर्घकाळ वेदना सोसलेली मज्जासंस्था अधिक संवेदनशील होते, साध्या हालचालीचाही संदेश वेदना म्हणून पोहोचवू लागते, आणि मूळ इजा भरून आल्यावरही दुखणे चालू राहू शकते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस आपल्याला वेदना होते असे सांगतो त्याचा आदर केला पाहिजे, हे तिच्यासोबत स्पष्टपणे नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले, जुनाट वेदनेला स्वतःचा सांकेतिक क्रमांक आहे. म्हणजे जगाच्या नोंदवहीत रकाना तयार झाला आहे. आपल्या नोंदवहीत तो उतरवणे बाकी आहे.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो मोजमापाचा. ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो, वेदना कशी मोजायची? जे मोजता येत नाही त्यावर उपचार कसा करायचा? हा आक्षेप ऐकायला शास्त्रीय वाटतो, पण वैद्यकातल्या अनेक गोष्टी रुग्णाच्या सांगण्यावरच उभ्या आहेत. चक्कर, मळमळ, खाज, दम लागणे, निराशा, यांपैकी कशालाही तापमापक नाही. वेदनेसाठी निदान शून्य ते दहाचा अंक आहे, मुलांसाठी चेहऱ्यांची चित्रे आहेत. अक्षरओळख नसलेल्या रुग्णाला 'काल किती वेळ झोप लागली, रोवणीला जाता आले का, घागर उचलता आली का' असे विचारता येते. या उत्तरांतून वेदना किती आहे आणि उपचाराने ती उतरली की नाही, दोन्ही कळते. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या रुग्णाबाबत मात्र एक खरी अडचण आहे. ठणक, कळ, आग, मुंग्या, आवळून धरल्यासारखे वाटणे, यांतला फरक निदानासाठी मोलाचा असतो, आणि दुसऱ्या भाषेतून सांगताना तो 'दुखते' या एका शब्दात बुडून जातो. म्हणून आशा कार्यकर्ती किंवा गावातलीच परिचारिका दुभाषी म्हणून सोबत असणे ही उपचाराचीच गरज आहे. डॉक्टरला रुग्णाची भाषा कळत नाही, याची शिक्षा रुग्णाने भोगू नये.

दुसरा आक्षेप सोशिकपणाचा आहे आणि तो कौतुकाच्या वेषात येतो. जंगलातली माणसे काटक असतात, त्यांना शहरी माणसासारखे दुखत नाही. हे कौतुक घातक आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना विचारले असता, त्यांतल्या सुमारे निम्म्यांनी काळ्या लोकांच्या शरीराविषयीची निदान एक तरी खोटी समजूत खरी मानली. काळ्या माणसाची कातडी जाड असते, ही त्यांतलीच एक. आणि असे मानणाऱ्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी लेखली, उपचारही कमी अचूक सुचवले. अशा समजुती शिकलेल्या माणसांतच टिकून राहतात, कारण त्या कोणी तपासून पाहत नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्याला तर वेदनेचे मोल इतरांपेक्षा अधिक कळायला हवे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले ते कुष्ठरुग्णांसाठी. कुष्ठरोगात बोटे झडतात, पाय जखमी होतात, याचे मोठे कारण म्हणजे मज्जातंतू बधिर होऊन दुखणेच कळेनासे होते. चटका बसला तरी हात मागे येत नाही, काटा रुतला तरी पाऊल थांबत नाही. दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे, हे इथल्या तीन पिढ्यांनी पाहिले आहे. जिथे पहारेकरी गमावण्याची किंमत इतकी स्पष्ट दिसली, तिथे हाक मारणाऱ्या पहारेकऱ्यालाच गप्प बसवणे हे या भूमीच्या अनुभवाशी विसंगत आहे. बाबांनी स्वतःच्या मणक्याचे आजारपण सोसत, बसता येत नसताना आडवे पडून वा उभे राहून काम केले. त्या धैर्याला प्रणाम करावा. पण त्या धैर्याची अपेक्षा रोवणीवरच्या मजूर बाईकडून करणे अन्याय आहे. तिच्यापुढे तिने स्वतः निवडलेले जीवनकार्य नाही, फक्त संध्याकाळची मजुरी आहे.

तिसरा आक्षेप खोटेपणाचा आणि व्यसनाचा. काही जण प्रमाणपत्रासाठी दुखण्याचे सोंग करतात, काहींना सुईची सवय लागते, आणि तीव्र वेदनाशामके सढळ हाताने दिली तर अमेरिकेसारखे व्यसनाचे संकट येईल. हा आक्षेप गंभीर आहे. सिकलसेलला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान मिळाल्यापासून प्रमाणपत्राचे मोल वाढले आहे, हेही खरे. पण दहातला एक खोटे बोलत असेल म्हणून नऊ जणांना तळमळत ठेवणे हा न्याय कोणत्याही दवाखान्यात चालणार नाही. व्यसनाच्या भीतीबाबत दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. कंबरदुखीला वर्षानुवर्षे अफूजन्य औषधे देऊ नयेत, यावर बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे. तिथे योग्य व्यायाम, भौतिकोपचार, कामाच्या पद्धतीत बदल, झोप आणि मनाच्या ताणावर उपचार हाच मार्ग आहे. सिकलसेलचा तीव्र झटका आणि कर्करोग या गोष्टी मात्र निराळ्या आहेत. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धास्तीने मॉर्फिन छोट्या गावांतून जवळपास नाहीसे झाले होते. संसदेने 2014 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती करून अत्यावश्यक औषधांसाठी परवान्याची वाट सोपी केली. केरळने समाजाच्या मदतीने वेदनाशमनाची सेवा गावोगावी नेऊन दाखवली. औषधासाठी अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, त्यामुळे कच्च्या मालाचे कारणही आपल्याला देता येत नाही. उलट आज जो धोका प्रत्यक्ष आहे तो दुर्लक्षातून आला आहे. सरकारी दवाखान्यात ऐकले जात नाही म्हणून रुग्ण बोगस डॉक्टरकडे जातो, तिथे स्टेरॉइड मिसळलेली सुई घेतो, दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने खातो, आणि शेवटी पोट व मूत्रपिंड बिघडवून घेतो. सिकलसेलच्या रुग्णाची मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात. औषधाचा गैरवापर टाळायचा असेल तर दुखणे ऐकून घेणारा डॉक्टर हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, आणि तो डॉक्टरांचाच आहे. वेळ नाही, माणसे नाहीत. गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा. सिरोंच्याहून जिल्हा मुख्यालय गाठायला दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. पदे रिकामी, बाह्यरुग्ण विभागात रांग, वर कार्यक्रमांचे अहवाल. जगातल्या 67 देशांतल्या प्राथमिक उपचारांचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारतातल्या एका रुग्णाच्या वाट्याला साधारण दोन मिनिटे येतात असे दिसले. या परिस्थितीत राबणाऱ्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला दोष देऊन काही साधणार नाही, आणि या लेखाचा तो हेतूही नाही. पण दोन मिनिटांचा हिशेब पुरता मांडला पाहिजे. ज्या रुग्णाचे निदान होत नाही तो पुन्हा येतो, दहा वेळा येतो, आणि दहा वेळा दोन मिनिटे घेतो. एकदा वीस मिनिटे बसून त्याचे ऐकले असते तर वेळ तितकाच लागला असता आणि उपचार झाला असता. शिवाय सगळे काम डॉक्टरनेच करायचे असेही नाही. 'सर्च'ने गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बालकांचे मृत्यू कमी केले, आणि ते प्रारूप देशाच्या आशा योजनेपर्यंत पोहोचले. ज्या जिल्ह्याने तान्ह्या बाळाचा श्वास मोजायला गावातल्या बाईला शिकवले, तो जिल्हा वेदना विचारायला आणि लिहून ठेवायलाही तिला शिकवू शकतो. हेमलकशाला 1973 पासून लोकबिरादरी प्रकल्पाने दाखवले आहे की अपुऱ्या साधनांतही आदिवासी रुग्ण दुरून, पायी चालत दवाखान्यात येतो. आपले ऐकले जाईल याची त्याला खात्री हवी असते.

तेव्हा मागण्या साध्या आहेत आणि बहुतेक कमी खर्चाच्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत प्रत्येक केसपेपरवर वेदनेचा अंक आणि ती किती दिवसांपासून आहे, हे लिहिणे सक्तीचे करावे. तीन महिन्यांहून जुने दुखणे घेऊन तिसऱ्यांदा आलेल्या रुग्णाला नवी चिठ्ठी देण्याऐवजी पूर्ण तपासणीसाठी ठरावीक वार आणि वेळ द्यावी. सिकलसेलच्या झटक्यात एका तासाच्या आत वेदनाशामक देण्याचा नियम दोन्ही जिल्ह्यांच्या सर्व ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत लावून त्याचा मासिक अहवाल मागावा. हायड्रॉक्सियुरियाचा साठा कुठे संपला हे दर महिन्याला जाहीर करावे. स्त्रियांच्या कंबर-ओटीपोटाच्या तक्रारीला तपासणीशिवाय 'अशक्तपणा' असा शेरा मारता येणार नाही, असे आदेश निघावेत. जिल्हा रुग्णालयात आणि निदान अहेरी, ब्रह्मपुरी, राजुरा अशा ठिकाणी भौतिकोपचारतज्ज्ञ कायम असावा. आणि वैद्यकीय शिक्षणात हे उतरावे. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2015 मध्ये सुरू झाले, गडचिरोलीच्या महाविद्यालयाला 2024 मध्ये मान्यता मिळाली. देशाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात 2019 पासून रुग्णाशी कसे बोलावे, त्याचे कसे ऐकावे, याचे स्वतंत्र प्रशिक्षण आहे. गडचिरोलीच्या पहिल्या तुकड्यांनी ते परीक्षेपुरते न ठेवता गोंडी-माडियातल्या वेदनेच्या शब्दांसह शिकावे. या महाविद्यालयाची ओळख इमारतीने होणार नाही, इथून बाहेर पडणारा डॉक्टर इथल्या माणसाचे ऐकतो की नाही यावरून होईल.

गडचिरोलीच्या दोन गावांतल्या त्या 650 स्त्रियांना कोणी विचारले नव्हते, तोवर त्या निरोगी समजल्या जात होत्या. विचारल्यावर आणि तपासल्यावर शंभरातल्या 92 आजारी निघाल्या. 1989 च्या त्या आकड्याचा धडा तेवढ्याच गावांपुरता, तेवढ्याच आजारांपुरता ठेवून चालणार नाही. सिकलसेलच्या मुलाला, रोवणीवरच्या बाईला, खाणीतल्या मजुराला तो तितकाच लागू आहे. पुढच्या वेळी एखाद्या रुग्णाविषयी 'याने दुखणे अंगावर काढले' असे म्हणावेसे वाटले, तर त्याआधी एवढेच विचारावे: याने हे दुखणे याआधी कोणाकोणाला सांगितले होते, आणि त्यांनी काय केले?